चित्र काढायला शिकवले, मांडायला कधी शिकवणार?

पुणतांब्याच्या गोदाकाठावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे जंक्शन, शिर्डीची गाडी इथूनच वळते. 1 जून 2017 रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा या गावाचे नाव राज्यभर पोचले. चित्रकाराला आयुष्यभर पुरेल एवढे पाहण्यासारखे या एका गावात आहे. इथल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना मात्र ते पाहायला, त्यातून निवडायला आणि लोकांपुढे मांडायला कोणी शिकवत नाही. हीच स्थिती महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांची आहे. आपले शालेय कलाशिक्षण हाताला वळण लावते आणि निवडीचा प्रश्न येतो तिथे थांबते.

या शिक्षणाचा कणा म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या पेपरांची तयारी राज्यातली काही लाख मुले दरवर्षी करतात. या परीक्षांचे ऋण मोठे आहे. ज्या गावात रंगांचे दुकान नाही, तिथेही त्यांच्यामुळे पोस्टर कलरच्या बाटल्या आणि ड्रॉइंग बोर्ड पोचले. घडा, वाटी आणि मागचा पडदा यांचे परस्पर प्रमाण डोळ्याने मापायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांना लागली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरणाऱ्या कितीतरी ग्रामीण मुलांचे पहिले प्रमाणपत्र इंटरमिजिएटचेच होते.

पण परीक्षा जसजशी गुणांशी जोडली गेली, तसतसा तिचा हेतू आक्रसत गेला. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7, बी मिळाली तर 5 आणि सी मिळाली तर 3 गुण जास्तीचे मिळू लागले. पालकांनी चित्रकलेकडे पुन्हा लक्ष दिले, हा त्याचा चांगला परिणाम. वाईट परिणाम असा की स्मरणचित्राचे ठरलेले विषय ठरलेल्या आकृत्यांनिशी पाठ होऊ लागले. बाजाराचे दृश्य म्हटले की तीच छत्री, तीच पाटीवाली, तोच तराजू. पुणतांब्याच्या आठवडे बाजारात दर आठवड्याला दिसणारी माणसे त्या कागदावर येत नाहीत, कारण त्यांच्याकडे पाहण्याला गुण नाहीत. एकदा दहावी झाली की गुणांचे कारण संपते, आणि बहुतेकांचा ब्रशही तिथेच सुटतो.

शिक्षकांची बाजू याहून चिंतेची आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पट शंभरच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. नंतर राज्याच्या संचमान्यतेच्या निकषांतून पूर्णवेळ कलाशिक्षकाची जागा डळमळीत झाली. अनेक शाळांत निवृत्त झालेल्या ‘ड्रॉइंगच्या सरांची’ खुर्ची रिकामी राहिली, आणि तास कधी मराठीच्या तर कधी खेळाच्या शिक्षकांकडे गेला. एटीडी (कलाशिक्षक पदविका) होऊन बाहेर पडलेली तरुण मुले मानधनाच्या तासांवर किंवा रंगकामाच्या ठेक्यांवर गुजराण करतात. ज्याची स्वतःची जागा टिकत नाही, त्या शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर वर्षभराचा प्रकल्प उभा करावा ही अपेक्षा अन्याय्य आहे.

अकरावी-बारावीत तर जवळजवळ रिकामी जागा आहे. राज्य मंडळाच्या विषयांच्या यादीत चित्रकला आणि कलेचा इतिहास व रसग्रहण असे ऐच्छिक विषय आहेत. ते प्रत्यक्ष शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये शहरांतही शोधावी लागतात, तालुक्याच्या गावी तर फारच क्वचित. सीबीएसईच्या चित्रकला विषयात 30 गुण लेखी परीक्षेला आणि 70 प्रात्यक्षिकाला आहेत, म्हणजे हाताच्या कामाला तिथे निदान मानाचे स्थान आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नको, असे म्हटले. ती भिंत कागदावर पडली असली तरी वेळापत्रकात आहे तशीच उभी आहे.

जगात इतरत्र याच वयाच्या मुलांकडून काय मागितले जाते, ते पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या दृश्यकला अभ्यासक्रमात गेली काही वर्षे एकूण गुणांपैकी 40 टक्के विद्यार्थ्याच्या प्रदर्शनाला होते. मूळ पातळीच्या (स्टँडर्ड लेव्हल) विद्यार्थ्याने स्वतःच्या चार ते सात कलाकृती निवडायच्या, त्या एका जागेत मांडायच्या आणि ही निवड व ही मांडणी का केली, हे 400 शब्दांत लिहायचे. तो अभ्यासक्रम आता बदलतो आहे आणि त्याची फी आपल्या गावांच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यातली मागणी मात्र पैशाची नाही. काय ठेवायचे आणि काय वगळायचे याचा निर्णय घेऊन तो लोकांसमोर समजावून सांगायचा, एवढेच त्यात मागितले आहे.

आपल्याकडे शाळेचे चित्रप्रदर्शन होते ते स्नेहसंमेलनाच्या दिवशी. व्हरांड्याच्या भिंतीवर सुतळी बांधून कागद टांगतात. चांगले-वाईट सगळे एकत्र, कारण कोणाचे मन दुखवायचे नसते. प्रमुख पाहुणे फीत कापून पुढे निघून जातात. मुलांच्या मेहनतीचा त्यात सन्मान होतो असे वाटते, पण मला तो तिचा अपव्यय वाटतो. तीस चित्रांतली सात निवडताना मुलाला आपल्या कामाकडे परक्याच्या नजरेने पाहावे लागते. शेजारी कोणते चित्र आले की आपले चित्र उजळते आणि कोणते आले की मरते, हे त्याला कळते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर का ठेवतात, समोरून आलेला उजेड काचेवर का चमकतो, पाटीवरचा मजकूर दोन ओळींत का संपवावा, या सगळ्या प्रश्नांतून तो प्रेक्षकाचा विचार करायला शिकतो. ही शिस्त नुसत्या वस्तुचित्रातून येत नाही.

यावर कोणी म्हणेल की कलादालने मुंबई-पुण्यात आहेत, खेड्याने त्याचे काय करायचे? जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, हे खरे. पण तिच्याही आधी, 1938 मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या लहान गावात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी भवानी संग्रहालय उभे केले. स्वतः चित्रकार असलेल्या त्या राजाला वाटले की शेतकऱ्याच्या मुलानेही चांगले चित्र जवळून पाहावे. पुणतांबे ज्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे, त्याचा वारसा त्याहून जुना आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या दरबारात तयार झालेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी दख्खनी चित्रशैलीच्या आद्य नमुन्यांत गणली जाते. ती आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. अहिल्यानगरच्या बारावीच्या किती विद्यार्थ्यांनी तिच्या चित्रांची छापील प्रत तरी पाहिली असेल? चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे याच मातीतले. अशा माणसांना वर्गात बोलावणे, त्यांचे काम मुलांना दाखवणे, याला फार खर्च लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. कोची-मुझिरिस बिएनालेने 2014 पासून कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्टुडंट्स बिएनाले भरवला आणि त्याची मांडणी तरुण संयोजकांकडे सोपवली. या उपक्रमांचा धागा कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत यायला हवा.

पुणतांब्यात हे कसे होईल, याचा विचार करून पाहिला तर सामग्री हाताशीच आहे. 2017 चा संप ग्रामसभेच्या निर्धारातून उभा राहिला. त्या काळची छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, घोषणांचे फलक अजून घराघरांत असतील. अकरावीच्या मुलांनी ती गोळा करावीत, ज्याची आहेत त्याची परवानगी घ्यावी, नोंदवहीत त्यांची नोंद करावी. त्यांच्याशेजारी स्वतःची चित्रे लावावीत: कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, बंद बाजार, त्या दिवसांत घरी बसलेला बाप. घाटाच्या पायऱ्यांची रेखाटने हा दुसरा विषय. चांगदेव महाराजांच्या समाधीमंदिरातले दगडी काम हा तिसरा. प्रदर्शनासाठी शाळेचा हॉल, ग्रामपंचायतीची खोली किंवा देवळाचा सभामंडप पुरे. ऑक्टोबरात विषय ठरवावा, डिसेंबरपर्यंत कामे पुरी करावीत, जानेवारीत निवड करून मांडणी करावी. निवड शिक्षकांनी नव्हे, मुलांच्या समितीने करावी, आणि वगळलेल्या चित्राच्या मुलाला कारण सांगावे. हे कारण सांगणे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारे आहे.

यात धोके आहेत. गावाच्या इतिहासाचे प्रदर्शन म्हटले की कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, यावरून वाद होतील. संपासारख्या विषयावर राजकीय मंडळी आपली बाजू मांडायला येतील. मुलांना त्यापासून दूर ठेवण्यापेक्षा त्यातून वाट काढायला शिकवणे अधिक उपयोगाचे. दुसरा धोका, या उपक्रमालाही गुण चिकटले की पुन्हा ठरलेल्या आकृत्या सुरू होतील. म्हणून मूल्यमापन चित्राच्या सफाईचे न करता लिहिलेल्या कारणांचे करावे: हे चित्र का घेतले, ते का वगळले, हे शेजारी का ठेवले.

कला संचालनालयाने इंटरमिजिएटनंतर अकरावी-बारावीसाठी प्रदर्शन-प्रकल्पाचा एक ऐच्छिक टप्पा सुरू करावा. शिक्षण विभागाने दर कनिष्ठ महाविद्यालयाला निदान एक कायम कलाशिक्षक द्यावा. शासनाचा निर्णय होईल तेव्हा होईल. पुणतांब्याच्या शिक्षकांनी, पालकांनी आणि ग्रामसभेने त्याची वाट पाहू नये. येत्या जानेवारीत एक हॉल मुलांच्या ताब्यात द्यावा, आणि त्यांनी काय निवडले आणि का निवडले, हे ऐकायला आपण सगळ्यांनी जावे.