तीन बोटं

नाटकाची समीक्षा होते, गाण्याच्या बैठकीची होते, दिवाळी अंकांची तर पुढची दिवाळी उजाडेपर्यंत चालू असते. पण मोटारीच्या बुडाची समीक्षा कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. ही उणीव भरून काढायची पात्रता माझ्या अंगी दोन कारणांनी आली आहे. एक म्हणजे मी कुंभवलीत राहतो, आणि बुडाचं मोल बोइसर-तारापूरच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? दुसरं कारण म्हणजे माझ्या सख्ख्या भाच्याने आपली स्विफ्ट खाली उतरवली आहे. खाली उतरवली म्हणजे माळ्यावरून नव्हे. होती त्याच जागी, होती त्याच चाकांवर, पन्नास मिलिमीटर खाली.

कारखान्यातून गाडी येते तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्या मधे चांगली चार बोटं जागा असते. ही जागा हल्लीच्या मुलांना बघवत नाही. "मामा, तुला ही गाडी आखूड पायजमा घातलेल्या माणसासारखी दिसत नाही?" असं भाच्याने विचारलं. खरं सांगतो, तोपर्यंत दिसत नव्हती. त्या दिवसापासून मात्र बोइसर स्टेशनापासून घरापर्यंत मला एकही गाडी पूर्ण पायजम्यात दिसलेली नाही.

आमच्या पिढीचं सारं लक्ष गाडी वर उचलण्याकडे. पद्मिनीला पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे. अँबॅसडरला पुढे पीळ खाणाऱ्या सळया आणि मागे पुन्हा पाटेच. मागे तीन माणसं, त्यांच्या मांडीवर दोन पोरं आणि डिकीत वऱ्हाडाचं सामान, एवढं झालं की पाटे सपाट व्हायचे. मग जास्तीचा एक पाटा घालून आणायचा आणि अभिमानाने सांगायचं, "आता टेकत नाही." आजही लोक स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे अडकवून गाडी वर उचलतात. आमचे चिरंजीव भाचे तेवढे उलट दिशेला निघालेले.

खाली जायचे मार्ग तीन. पहिला मार्ग नाक्यावरच्या मेकॅनिकचा: स्प्रिंगचं एक वेटोळं कापायचं. खर्च जवळजवळ शून्य. पण कापलेलं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यावर लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवर सैल पडते. परत येताना ती जागेवरच येईल याची हमी कोणी देत नाही. हे कलम भाच्याने स्वतःच बाद केलं, त्याचे गुण मी त्याला दिले. दुसरा मार्ग म्हणजे मुळातच आखूड आणि कडक घडवलेल्या स्प्रिंगा बसवायच्या. उंची एकदा ठरली ती ठरली. तिसरा मार्ग 'कॉइलओव्हर' नावाचा. यात शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, स्प्रिंग त्या नळीभोवतीच बसते, आणि आट्यांवरची कॉलर फिरवून गाडी खाली-वर करता येते.

यातही जाती दोन आहेत आणि निवड करणाऱ्याने इथेच डोळे उघडे ठेवायचे. स्वस्त जातीत फक्त स्प्रिंगची बैठक खाली सरकते. गाडी उतरते, पण शॉकअपचा दांडा उभ्या उभ्याच तेवढा आत गेलेला असतो. म्हणजे खड्डा यायच्या आधीच निम्मी धाव संपलेली. महाग जातीत खालचा सांगाडाच वेगळ्या आट्यांवर असतो. तो फिरवला की सबंध शॉकअपची लांबी कमी होते आणि दांड्याची धाव शाबूत राहते. भाच्याने महाग जात घेतली. किंमत त्याने मला सांगितली. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, जी सांगितली ती वेगळी होती. मी मामा असल्यामुळे गप्प बसलो.

आता 'ॲडजस्टेबल' या शब्दाविषयी. सित्रोएन कंपनीने 1955 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस नावाची गाडी मांडली. तिच्यात स्प्रिंगांऐवजी तेल आणि दाबाखालचा वायू होता, आणि ड्रायव्हरने बसल्या जागी दांडी सरकवली की गाडी वर उठायची, खाली बसायची. याला म्हणतात ॲडजस्टेबल. आमच्याकडे चारी चाकं जॅकवर, चारी चाकं बाहेर, आकड्यासारखा पाना घेऊन जमिनीवर आडवं व्हायचं आणि कॉलर फिरवायची. ती फिरेल तेव्हा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत असलेल्या गावात आट्यांना दर पावसाळ्याआधी घासून ग्रीस लावलं नाही तर कॉलर तिथेच समाधी घेते. जाहिरातीतला 'ॲडजस्टेबल' आणि शेजाऱ्यांनी वधूपित्याला सांगितलेला 'मुलगा अगदी ॲडजस्टेबल आहे' यांत मला फारसा फरक वाटत नाही.

बसवण्याच्या कामावर मी तीन तास स्टुलावर बसून होतो. दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या. उंची जमिनीपासून मोजायची नसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची, म्हणजे टायरमधली हवा आणि फरशीचा उतार यांची लुडबूड होत नाही. आणि रबराचे बुश हवेत लोंबणाऱ्या चाकावर आवळायचे नसतात. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर जन्मभर पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक हवेतच आवळत होता. भाच्याने थांबवलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, वीस वर्षं असंच आवळतोय." वीस वर्षं पीळ खाल्लेली किती रबरं या पंचक्रोशीत फिरत असतील! त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा रोख, आणि स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा अलाइनमेंट.

गाडी खाली का आणायची, याला शास्त्राचा आधार आहे आणि तो मी नाकारत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटरवर असेल आणि तो पाच सेंटिमीटर उतरला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन नऊ टक्क्यांनी घटतं. पण यातली गोम कोणी सांगत नाही. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये, आणि आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे तेच असतं, गाडी फार उतरली की खालचे हात टोकाकडे वर चढलेले राहतात आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे कलायला जोर वाढतो. तो आवरायला स्प्रिंगा कडक हव्यात. कडक हव्यात त्या धाव कमी उरली म्हणूनही. आणि कडक स्प्रिंगेचा हिशेब असा, की गाडीच्या वजनाने स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एक हेलकावा घेते, अकरा दबत असेल तर दीड, सहाच दबत असेल तर दोन. एक ते दीडपर्यंत माणसाला झोप लागते. दोनच्या पुढे बातम्या ऐकू येत नाहीत. शिवाय नऊ टक्क्यांचा लाभ घ्यायला वळण वेगात घ्यावं लागतं, आणि आमच्या नाक्यावर वळणाचा वेग पुढे चाललेला टँकर ठरवतो.

तर स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली त्याचं माप लिहून ठेवलं आहे: ताशी पंचवीस किलोमीटर वेगासाठी 3.7 मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, गोलाईदार. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2450 मिलिमीटर अंतर. एवढ्या अंतरात त्या शास्त्रोक्त उंचवट्याचा फुगा भरतो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. मूळ 163 मिलिमीटरमधून पन्नास गेले तरी 113 उरतात. म्हणजे भाचा निर्दोष! पण आमच्या घराजवळचा स्पीडब्रेकर रोड्स काँग्रेसच्या अधिवेशनाला गेलेला नाही. तो हातभर रुंद आणि सहा इंच उंच आहे. कोणी घातला हे गावात कोणी सांगत नाही. सहा इंच म्हणजे 152 मिलिमीटर. 152 मधून 113 गेले की जे उरतं त्याचा आवाज होतो. तो टाळायला भाचा गाडी तिरकी घालतो, एकेक चाक अलगद चढवतो, नवी नवरी माप ओलांडते तशी. आणि मागे कंटेनरवाला वाजंत्री वाजवतो.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे 1958 साली कायदा झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली जाता कामा नये. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांना गाड्या खाली उतरवून संथपणे मिरवायची हौस. पोलीस त्यांनाच अडवायचे. 1959 साली रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानाच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवले. मिरवताना गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर! त्यातून एक कलाप्रकारच जन्माला आला. तो निर्बंध उठला 2024 च्या जानेवारीत. आपल्याकडे उलट. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 धरून सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल चालणार नाहीत. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या दर बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मामा, सगळेच करतात," इति भाचा. हे कलम मी बरंच शोधलं. विम्याच्या कागदांतही शोधलं. मिळालं नाही.

इथवरची टीका मी चहा पिता पिता करत होतो, कारण भाचा गाडीजवळ उभा राहिला की त्याचा चेहरा असा काही उजळतो की टीकाकाराचा धीर खचतो. पण ताईच्या मणक्याची गादी सरकलेली आहे. दर बुधवारी तिला व्यायामोपचारासाठी पालघरला न्यावं लागतं. या गाडीतून ती उतरत नाही, विहिरीतून चढून यावं तशी वर येते. मुलाने हौसेने केलंय म्हणून ती चकार शब्द बोलली नाही. फक्त एका बुधवारी म्हणाली, "आज नको, कंटाळा आलाय." पुढच्या बुधवारी पाहुणे यायचे होते. ते आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी मी समीक्षा तोंडी सादर केली, आणि ती चहाबरोबर नव्हती.

"मी बुधवारी क्लिक नरम करतो, मामा," भाचा म्हणाला. शॉकअपच्या डोक्यावर एक कळ असते, ती फिरवली की आतल्या तेलाची वाट मोकळी होते. पण त्याने स्प्रिंग नरम होत नाही. कडक स्प्रिंगेला आवरणारा हात तेवढा ढिला पडतो, आणि गाडी धक्का देऊन वर नाचते. हे मी त्याला सांगितलं. हे त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं. तो थोडा वेळ गाडीकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "आईने मला का नाही सांगितलं?"

रविवारी त्याने चारी चाकं काढली. डावी मागची कॉलर दोन तास हलली नाही. गाडी तीस मिलिमीटर वर आली, मागे नरम स्प्रिंगा आल्या, आणि जुन्या कडक स्प्रिंगा पलंगाखाली गेल्या. तिथून त्या कधी वर येतील ते मी विचारलं नाही. संध्याकाळी टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजायला त्याने ताईला बोलावलं. तिची तीन बोटं आत जाऊन वर थोडी जागा उरली. माझी तीन बोटं जेमतेम जातात. भाचा आता माझ्या बोटांनी मोजलेलं खरं धरतो, आणि बुधवारी पालघरला जाताना ताई पुढच्या सीटवर बसते.