इकेबाना : मुक्त, पण कशापासून?

आधुनिक इकेबानावर वाचायला लागलात की तासाभरात एक गोष्ट हाती लागते. आधी कडक नियम होते, मग बंडखोर आले आणि फुलं मुक्त झाली. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच संशोधनाच्या प्रस्तावात ती हमखास येते. माझं म्हणणं असं, की ज्यांच्या नावावर ती सांगितली जाते त्या सोफू तेशिगाहारांना ती निम्मीच लागू पडते.

सोफूंनी १९२७ मध्ये सोगेत्सु संप्रदाय सुरू केला. कुणीही, कुठेही, कशानेही रचना करावी, ही त्यांची भूमिका. त्यांच्या कामात लोखंड आलं, दगड आले, झाडांची वाळकी मुळं आली. इथवर बंड मान्य. पण सोगेत्सुचे सुरुवातीचे धडे बघा. तीन मुख्य फांद्या : शिन, सोए, हिकाए. पायाभूत उभ्या रचनेत शिन उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली, सोए ४५, हिकाए ७५. शिनची लांबी म्हणजे भांड्याचा व्यास अधिक उंची, त्याच्या दीडपट. सोए तिच्या पाऊणपट. म्हणजे कंपासपेटीच घेऊन बसायचं! मला यात वावगं काही वाटत नाही, हात असाच तयार होतो. पण मग ‘नियमांपासून मुक्ती’ असं लिहू नका. नियम बदलले, असं लिहा.

आणि खुर्चीचं काय? १९७९ मध्ये सोफू गेले, मुलगी कासुमी प्रमुख झाल्या. वर्षभरात त्याही गेल्या, आणि १९८० मध्ये भाऊ हिरोशी आले (हो, ‘वुमन इन द ड्यून्स’चे दिग्दर्शक तेच). २००१ पासून हिरोशींची मुलगी आकाने. या वंशपरंपरागत प्रमुखाला इएमोतो म्हणतात. आपल्याला लगेच गायकीची घराणी आठवतात, पण तुलना जपून करा. घराण्याचं कुठे मुख्यालय नसतं, पायऱ्यापायऱ्यांनी मिळणारी प्रमाणपत्रं नसतात. इएमोतो व्यवस्थेत ती असतात, आणि त्यांचे पैसेही पडतात. सोगेत्सुचं मुख्यालय तर तोक्योत केन्झो तांगे यांनी बांधलेल्या इमारतीत आहे, आत इसामु नोगुचींची दगडी बाग. फुलांची भाषा बदलली, पण गादी तशीच राहिली. रूपाचं विश्लेषण करताना ही गादी आपल्या नजरेतून निसटते.

आता युकिओ नाकागावा. जन्म १९१८. १९५१ मध्ये त्यांनी इकेनोबो हा सगळ्यात जुना संप्रदाय सोडला आणि मग ना दुसरा धरला, ना स्वतःचा काढला. शिष्य नाहीत, प्रमाणपत्रं नाहीत, म्हणजे उत्पन्नही नाही. बंडाची किंमत मोजायची झाली तर ती इथे मोजावी.

त्यांची १९७३ ची ‘हानाबोझू’ बघा. सुमारे ९०० लाल कार्नेशन्सच्या पाकळ्या काचेच्या भांड्यात ठासून भरल्या आणि ते भांडं पांढऱ्या कागदावर पालथं घातलं. लाल रस कागदावर पसरत गेला. बस्स. ना फांदी, ना कोन, ना पाणी. पाहताक्षणी रक्तच आठवतं, आणि बरेचजण तिथेच थांबतात. मला मात्र ते भांडं जास्त महत्त्वाचं वाटतं. इकेबानात भांडं फुलाला पाणी देतं, जगवतं. इथे ते फुलाला गुदमरवतं आणि फूलच द्रव होऊन बाहेर येतं. सोफूंनी फुलाच्या जागी लोखंड ठेवलं तेव्हा ‘रचना’ ही कल्पना शाबूत राहिली. नाकागावांनी फूलच ठेवलं आणि रचना कुजण्यावर सोपवली. मला हे जास्त धाडसी वाटतं.

पण इथेच संशोधकाची अडचण सुरू होते. ‘हानाबोझू’ आपण पाहतो ती छायाचित्रात. नाकागावा आपल्या कामांचे फोटो स्वतः काढत. मग चौकट, प्रकाश, रस नेमका किती पसरल्यावर बटण दाबायचं, हे सगळं कामाचाच भाग झालं ना? वास मात्र त्यात नाही, आणि ९०० फुलं कुजताना वास तर असणारच. ‘मी या कलाकृतीचा अभ्यास करतोय’ असं म्हणताना तुम्ही नक्की कशाचा अभ्यास करताय, हे पहिल्याच प्रकरणात सांगावं लागेल. मार्गदर्शक नाही विचारणार कदाचित, पण बाहेरचा परीक्षक विचारेल.

२००२ मध्ये, ८३ व्या वर्षी, त्यांनी निइगाता प्रांतात हेलिकॉप्टरमधून सुमारे दहा लाख ट्यूलिपच्या पाकळ्या खाली सोडल्या. खाली ९५ वर्षांचे बुतो नर्तक काझुओ ओहनो नाचत होते. भांडं नाही, आणि पाकळी कुठे पडेल हे ठरवणारा हातही नाही. हे इकेबाना आहे का, यावर वाद घालता येतो, आणि प्रबंधासाठी तो ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’पेक्षा कितीतरी चांगला प्रश्न आहे.