‘फेन्सेस’ आणि बेसबॉलची अधिकृत स्मृती : एक चिकित्सा

प्रस्तावना

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ मानला जातो. १८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना झाली, १९०१ मध्ये अमेरिकन लीग तिच्या बरोबरीने उभी राहिली आणि १९०३ पासून या दोन लीगच्या विजेत्या संघांमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ हे अजिंक्यपद खेळले जाऊ लागले. या खेळाभोवती कथा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांची मोठी परंपरा निर्माण झाली. त्यातील बहुतेक कलाकृतींत बेसबॉल हे अमेरिकेच्या निरागसतेचे आणि समान संधीचे प्रतीक म्हणून येते. ऑगस्ट विल्सन (१९४५-२००५) यांचे ‘फेन्सेस’, म्हणजे ‘कुंपणे’, हे नाटक या परंपरेला छेद देते. १९८५ मध्ये येल रेपर्टरी थिएटरमध्ये प्रथम सादर झालेले हे नाटक १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मराठी वाचकाला कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य अपरिचित नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते. तथापि या साहित्यात खेळाला काय स्थान आहे, या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात ‘फेन्सेस’चा विचार ‘नोंद’ या एका सूत्राच्या आधारे केला आहे. कोणाचा पराक्रम नोंदला जातो, कोणाचा जात नाही आणि उशिरा झालेल्या नोंदीने अन्यायाची भरपाई होते काय, हे प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

१. निरागसतेची घडण

बेसबॉलच्या अधिकृत इतिहासाचा आरंभच एका दंतकथेने झाला आहे. १९०७ मध्ये मिल्स आयोगाने असा निष्कर्ष काढला की, ॲबनर डबलडे याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी हा खेळ शोधून काढला. पुढील संशोधनात या निष्कर्षाला कोणताही आधार मिळाला नाही. हा खेळ जुन्या इंग्लिश चेंडूफळीच्या खेळांतून क्रमाने विकसित झाला आणि त्याला नियमबद्ध रूप देण्यात १८४५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचा मोठा वाटा होता, हे आता सर्वमान्य आहे. तरीही १९३९ मध्ये खेळाडूंचे गौरवमंदिर, ‘हॉल ऑफ फेम’, कूपर्सटाउन येथेच उघडण्यात आले. शहरात वाढलेल्या खेळाला खेड्यातील हिरव्या कुरणाचा जन्म हवासा वाटला, ही बाब सूचक आहे.

चित्रपटांनी ही निरागसता अधिक दृढ केली. बर्नार्ड मॅलमड यांच्या ‘द नॅचरल’ (१९५२) या कादंबरीचा नायक रॉय हॉब्स अखेरीस बाद होतो आणि त्याच्या पतनाची शोकांतिका होते. १९८४ च्या चित्रपटात मात्र तोच नायक निर्णायक क्षणी होमरन मारतो आणि दिव्यांचा वर्षाव होतो. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) या चित्रपटात आयोवातील एक शेतकरी मक्याच्या शेतात मैदान तयार करतो आणि तेथे दिवंगत खेळाडू परत येतात. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लाच घेऊन सामने हरल्याच्या प्रकरणात आठ खेळाडूंवर १९२१ मध्ये कायमची बंदी घालण्यात आली होती. त्यांपैकी शूलेस जो जॅक्सन हा या चित्रपटाचा केंद्रबिंदू आहे. लाचेचा ठपका असलेल्या गौरवर्णीय खेळाडूंना हा चित्रपट क्षमा करून मैदानावर बोलावतो. परंतु कोणताही अपराध नसताना केवळ वर्णामुळे बाहेर ठेवलेल्या खेळाडूंपैकी एकालाही त्या मक्याच्या शेतातून येऊ देत नाही.

बेसबॉल ही अमेरिकेतील एकमेव अढळ गोष्ट असून ती आपल्यातील चांगुलपणाचे स्मरण देते, अशा आशयाचे भाषण या चित्रपटात एका कृष्णवर्णीय लेखकाच्या तोंडी आहे. ही भूमिका जेम्स अर्ल जोन्स यांनी केली. याच अभिनेत्याने दोनच वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर ‘फेन्सेस’मधील ट्रॉय मॅक्सन साकारला होता. एकाच कंठातून आलेली ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात आशीर्वाद आहे. आणि लोकस्मरणात आशीर्वादाचे भाषणच अधिक रुजले, हे बेसबॉलच्या सांस्कृतिक स्थानाविषयी बरेच काही सांगून जाते.

२. ट्रॉयची स्वतःची नोंदवही

‘फेन्सेस’चे कथानक १९५७ मध्ये पिट्सबर्ग शहरात घडते. त्रेपन्न वर्षांचा ट्रॉय मॅक्सन कचरागाडीवर काम करतो. तरुणपणी खुनाच्या आरोपावरून त्याने पंधरा वर्षे तुरुंगवास भोगला, तेथेच तो बेसबॉल शिकला आणि पुढे नीग्रो लीगमध्ये खेळला. या लीगची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघमालकांच्या अलिखित संमतीने कृष्णवर्णीयांना व्यावसायिक संघांची दारे बंद झाली. १९२० मध्ये रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. पिट्सबर्ग हे या खेळाचे मोठे केंद्र होते. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे दोन नामांकित संघ याच परिसरातील होत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तेव्हा ही वर्णबंदी मोडली. नाटकातील हिशेबाने त्या वेळी ट्रॉय त्रेचाळीस वर्षांचा होता.

ट्रॉय आपली बाजू आकड्यांत मांडतो. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या प्रयत्नांपैकी किती यशस्वी झाले याचे प्रमाण म्हणजे त्याची सरासरी होय, ०.३०० ही सरासरी उत्तम समजली जाते. न्यूयॉर्क यांकीजचा सेल्कर्क ०.२६९ च्या सरासरीवर संघात टिकून होता आणि आपण ०.४३२ ची सरासरी व सदतीस होमरन असूनही बाहेर होतो, असे तो सांगतो. सेल्कर्कचा आकडा खरा आहे. जॉर्ज सेल्कर्क याची १९४० मधील सरासरी तेवढीच होती आणि ती कोणालाही पुस्तकात पाहता येते. ट्रॉयचा आकडा मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. तो फक्त त्याच्या अंगणात, मित्र बोनो आणि पत्नी रोझ यांच्यासमोर उच्चारला जातो. विल्सन यांनी छापील आकडा आणि बोललेला आकडा एकाच वाक्यात शेजारी ठेवले आहेत. एकाला पुरावा आहे, दुसऱ्याला केवळ साक्ष आहे. वगळलेल्या माणसाला स्वतःची नोंदवही स्वतःच व्हावे लागते, हे या योजनेतून स्पष्ट होते.

अशा नोंदवहीत अतिशयोक्ती शिरणे स्वाभाविक असते. आपण मृत्यूशी कुस्ती खेळलो, असेही ट्रॉय सांगतो. सॅचेल पेज या थोर गोलंदाजाला सात होमरन मारल्याचे त्याचे विधान याच सुरातले आहे. विल्सन ट्रॉयला सरळसरळ खरा किंवा खोटा ठरवत नाहीत. उलट, तुरुंगात गेलेली पंधरा वर्षे आणि उलटलेले वय या गोष्टीही ते प्रेक्षकांपुढे ठेवतात. लीगची दारे उघडली तेव्हा तू त्या वयाचा उरला नव्हतास, असे रोझ त्याला सुचवते. त्यावर, काळ फार लवकर होता ही सबबच मुळात असता कामा नये, हा ट्रॉयचा युक्तिवाद आहे. तो तर्कदृष्ट्या अचूक आहे. माणसाचे वय आणि देशाचे मतपरिवर्तन यांची वेळ जुळली नाही, तर दोष वयाचा नसतो.

३. कुंपण कोणासाठी?

नाटकाचे सामर्थ्य येथेच संपले असते, तर ती एक प्रभावी तक्रार ठरली असती. विल्सन त्यापुढे जातात. ट्रॉयचा मुलगा कोरी याला फुटबॉलच्या बळावर महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची संधी येते. ट्रॉय ती हाणून पाडतो. गोरा माणूस तुला खेळात पुढे जाऊ देणार नाही, ही त्याची भूमिका. पण काळ बदललेला असतो. १९५७ मध्ये हँक ॲरनच्या खेळाच्या जोरावर मिलवॉकी ब्रेव्हजने यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. कोरी ॲरनच्या होमरनचा दाखला देतो; ट्रॉय तो उडवून लावतो. पिट्सबर्ग पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटेला नियमित खेळवत नाहीत, असा प्रतिवाद तो करतो. पुढे १९६० मध्ये याच क्लेमेंटेच्या संघाने यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते. ट्रॉयचा अनुभव खरा आहे. त्या अनुभवावरून त्याने काढलेले भाकीत मात्र खोटे ठरते. अन्यायाची आठवण मुलासाठी ढाल होण्याऐवजी भिंत होते. काही माणसे इतरांना बाहेर ठेवण्यासाठी कुंपण बांधतात, तर काही आपल्यांना आत राखण्यासाठी, असे बोनोच्या तोंडी आलेले निरीक्षण या संदर्भात वाचले पाहिजे.

ट्रॉय घरातही बेसबॉलची भाषा वापरतो. बेसबॉलमध्ये तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद होतो. कोरीच्या पहिल्या चुकीला तो पहिला स्ट्राइक म्हणतो, पुढे दुसरा मोजतो आणि अखेर मुलाला घराबाहेर काढतो. ज्या खेळाने त्याला कधी पुरती संधी दिली नाही, त्या खेळाचा पंच तो आपल्या घरात होऊन बसतो.

या भाषेची मर्यादा दुसऱ्या अंकातील पहिल्या प्रवेशात उघड होते. परस्त्रीशी संबंध ठेवल्याची आणि तिला आपल्यापासून मूल होणार असल्याची कबुली ट्रॉय रोझला देतो. आपण हळूच चेंडू ढकलून पहिला बेस गाठला, अठरा वर्षे तेथेच उभे राहिलो आणि आता दुसऱ्या बेसकडे धाव घ्यावीशी वाटली, असे समर्थन तो करतो. विषय बेसबॉलचा नाही, असे रोझ त्याला बजावते. तीही अठरा वर्षे त्याच जागी उभी होती. तिनेही स्वतःच्या इच्छा पुरून टाकल्या होत्या. माझ्या मते हा नाटकाचा परमोच्च बिंदू आहे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’सारख्या कृती खेळाच्या भाषेत सर्व काही सामावून घेतात, विल्सन यांची स्त्री व्यक्तिरेखा त्या भाषेलाच नकार देते. ट्रॉयच्या पराक्रमाची नोंद निदान त्याच्या तोंडी तरी आहे. रोझच्या अठरा वर्षांची नोंद ठेवणारे तेवढेही कोणी नाही. वर्णभेदाने वगळलेला पुरुष आपल्या घरात दुसऱ्या कोणाला वगळतो आहे, हे या संवादातून निःसंदिग्धपणे पुढे येते.

शेवटचा प्रवेश मात्र तितका निर्दोष वाटत नाही. १९६५ मध्ये ट्रॉयच्या अंत्यविधीच्या दिवशी कोरी सैनिकी गणवेशात परततो, सुरुवातीस विधीला जाण्यास नकार देतो आणि नंतर सावत्र बहीण रेनेल हिच्यासह बापाचे गाणे गातो. युद्धात मेंदूला इजा झालेला ट्रॉयचा भाऊ गेब्रियल स्वर्गाची दारे उघडण्यासाठी तुतारी फुंकू पाहतो. सूर निघत नाही, तेव्हा तो नाचतो आणि दारे उघडतात. हा शेवट रंगभूमीवर परिणामकारक असला, तरी रोझने उभा केलेला प्रश्न त्यात क्षमेच्या प्रकाशात विरून जातो. ‘द नॅचरल’च्या चित्रपटावर जो आक्षेप घेता येतो, त्याची सौम्य छटा येथेही जाणवते.

४. २०२४ नंतरचे वाचन

१९२० ते १९४८ या काळातील नीग्रो लीगना ‘मेजर लीग’चा दर्जा देत असल्याची घोषणा मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२० मध्ये केली आणि मे २०२४ मध्ये त्या लीगमधील आकडे अधिकृत विक्रमांत समाविष्ट केले. त्यामुळे जॉश गिब्सन ०.३७२ या कारकिर्दीच्या सरासरीसह अग्रस्थानी आला. दीर्घकाळ ते स्थान ०.३६७ सरासरीच्या टाय कॉब याच्याकडे होते. होमस्टेड ग्रेजचा गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या सुमारे तीन महिने आधी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निवर्तला होता.

या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ‘फेन्सेस’ वाचलेल्या वाचकाला तेथे थांबता येत नाही. नीग्रो लीगच्या सर्व सामन्यांचे तक्ते उपलब्ध नाहीत आणि गावोगाव फिरून खेळलेले असंख्य सामने या गणनेत येत नाहीत. जे छापले गेले तेच मोजले गेले. म्हणजे भूतकाळातील वगळणुकीचा काही अंश नव्या नोंदीतही कायम राहतो. दुसरे असे की, नाटकात ट्रॉय गिब्सनच्या मुलीचा उल्लेख करतो तो तिच्या फाटक्या बुटांच्या संदर्भात. त्याच्या मनातला प्रश्न सरासरीचा नसून उदरनिर्वाहाचा होता. सुधारलेली सरासरी मृत खेळाडूचा मान वाढवते. हुकलेले वेतन आणि हुकलेली वर्षे ती परत आणू शकत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘फेन्सेस’ हे बेसबॉलविषयीचे नाटक असूनही त्यात बेसबॉलचा एकही सामना नाही. अंगणातील झाडाला टांगलेला चिंध्यांचा चेंडू आणि बुंध्याला टेकवलेली बॅट एवढेच साहित्य त्यात आहे. त्या चेंडूवर बॅट चालवता चालवताच ट्रॉयचा अंत होतो. राष्ट्रीय खेळाने स्वतःविषयी सांगितलेल्या कथेत ज्याला जागा नव्हती, त्याची जागा या अंगणात आहे. मात्र अन्यायग्रस्ताची साक्ष नोंदवताना त्याने इतरांवर केलेला अन्यायही विल्सन त्याच प्रामाणिकपणे नोंदवतात. गिब्सनचे नाव आज यादीच्या शिरोभागी आहे, आणि तरीही रोझचा प्रश्न कोणत्याही यादीत बसणारा नाही. वंचितांचे साहित्य वाचताना आपणही हा दुहेरी हिशेब विसरता कामा नये.