‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ : थट्टेतील ममत्व

ज्याची थट्टा करावयाची, त्याच्याविषयी ममत्व असल्यावाचून उत्तम विडंबन साधत नाही, असे आमचे मत आहे. मेल ब्रुक्स यांचा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) पुन्हा पाहताना ते अधिकच दृढ झाले.

युनिव्हर्सलने १९३१, १९३५ व १९३९ साली काढलेले फ्रँकेन्स्टाइन-पट हे या विडंबनाचे लक्ष्य. ब्रुक्स यांनी चित्रपट कृष्णधवलच ठेवला. त्यासाठी कोलंबियाला सोडून ते फॉक्सकडे गेले. प्रयोगशाळेत तर केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी १९३१ च्या चित्रपटासाठी सिद्ध केलेली यंत्रेच ठिणग्या उडवितात. मूळ कृतींचा असा मान राखल्यानेच येथील विनोद पोरकट होत नाही.

तथापि अंध एकांतवासी साधूच्या प्रसंगी आम्ही थबकलो. १९३५ च्या चित्रपटात हा वृद्ध सर्वांनी हुसकावलेल्या राक्षसास भाकर व द्राक्षारस देतो, मित्र धाडल्याबद्दल देवाचे आभार मानतो. राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो. ब्रुक्स यांचा साधू (जीन हॅकमन) मात्र पाहुण्याच्या मांडीवर कढत सूप ओततो आणि चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवितो. प्रार्थनेने आरंभलेल्या आतिथ्याची ही विटंबना नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. साधूचा सद्भाव कोठेही खोटा ठरत नाही. हसे होते ते समोरच्याची वेदना न जाणता केलेल्या परोपकाराचे. हा टोला आम्हां सेवाव्रतींनाही बसतो, हे कबूल केले पाहिजे.

चित्रपटाचा गाभा मात्र बंद खोलीत आहे. मेरी शेली यांच्या कादंबरीतील (१८१८) शास्त्रज्ञ आपल्या निर्मितीने डोळे उघडताच पळ काढतो. जीन वाइल्डर यांचा फ्रेडरिक स्वतःच्या आडनावाचा उच्चारही बदलून घराणे नाकारीत आलेला. तो राक्षसासह स्वतःला कोंडून घेतो. प्रथम भयाने सुटकेची याचना करतो, मग त्याला पोटाशी धरतो. आणि तेथेच आपले खरे नाव स्वीकारतो. निर्माणकर्त्याचे उत्तरदायित्व हसता हसता इतके नेमके क्वचितच मांडले गेले असेल.

एक दोष नमूद करणे प्राप्त आहे. वाग्दत्त वधूच्या अपहरणप्रसंगी स्त्रीवरील बळजबरीचाच विनोद केला आहे. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. तेवढे गालबोट सोडल्यास, हा चित्रपट प्रौढ वाचकांनी अवश्य पाहावा.