‘सेव्हन डेज इन मे’ : कट आणि गोपनीयतेचा पेच

एखाद्या कादंबरीवर ‘रंजनपर’ अशी चिठ्ठी चिकटवली की तिच्यातील विचारव्यूह तपासण्याची गरज उरत नाही, असा आपल्या समीक्षेचा एक सोयीस्कर समज आहे. फ्लेचर क्नेबेल आणि चार्ल्स बेली या दोघा अमेरिकन पत्रकारांची ‘सेव्हन डेज इन मे’ (१९६२) ही अफाट खपलेली कादंबरी या समजाला छेद देते.

सोव्हिएत संघाशी अण्वस्त्रकपातीचा करार करणारे अध्यक्ष लायमन जनतेच्या मनातून उतरले आहेत. त्यांना पदच्युत करण्याचा कट रचणारे जनरल स्कॉट मात्र लोकप्रिय आहेत. लोकशाहीचा कैवार येथे लोकप्रियतेच्या विरोधात घ्यावा लागतो. या रचनेत कर्नल केसी हे पात्र कळीचे ठरते. केसी मुळात वाचक आहे. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेचा एक संदेश, ‘इकॉमकॉन’ नावाची एक अनोळखी तुकडी, अशा विखुरलेल्या चिन्हांतून तो कटाची संहिता जुळवतो. विशेष म्हणजे करार त्यालाही मान्य नाही. तरीही तो अध्यक्षांकडे जातो. मत आणि निष्ठा यांतील हे अंतर लेखकद्वयाने भाष्याविना राखले आहे. कादंबरीतील सर्वांत प्रौढ जागा हीच.

मात्र शेवटाकडे संहिता स्वतःशीच विसंगत होते. ‘इकॉमकॉन’चे काम देशातील संपर्कयंत्रणा ताब्यात घेण्याचे, म्हणजे सत्ता कोठे वसते हे लेखकांना नेमके ठाऊक आहे. पण लायमन कट मोडतात तो बंद दाराआड, मोजक्या विश्वासूंच्या साहाय्याने. जनरलांचे राजीनामे येतात, कटाचा मात्र जनतेला पत्ताही लागत नाही. एप्रिल १९६१ मध्ये अल्जियर्समधील सेनानींनी बंड केले तेव्हा द गॉल यांनी दूरचित्रवाणी व नभोवाणीवरून राष्ट्राला आवाहन केले होते, आणि सक्तीच्या सेवेतील सैनिकांनी ते ट्रान्झिस्टरवर ऐकले होते. या प्रसंगाशेजारी ठेवली की कादंबरीतील जनता केवळ जनमतचाचणीतील आकडा म्हणून उरलेली दिसते.

थरारकथेला गोपनीयता लागते, हा बचाव अपुरा आहे. कट उघड झाल्यास राज्यसंस्थेवरील विश्वास ढळेल, ही लायमन यांची भीती निवेदक निमूट स्वीकारतो. नागरिकांना सत्य पेलणार नाही, हे तर स्कॉट यांचेही गृहीतक आहे.