'स्वमग्न' ही संज्ञा आणि छंद, नाद, वेध

'ऑटिझम' या संज्ञेस मराठीत 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द आता इतका रूढ झाला आहे की, तो कोणत्या अर्थाचा अनुवाद आहे याची विचारणा सहसा होत नाही. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याचा. १९११ च्या आपल्या ग्रंथात छिन्नमनस्कतेचे एक लक्षण सांगताना, बाह्य जगाकडे पाठ फिरवून मनोराज्यात रमणाऱ्या रुग्णाच्या अवस्थेस त्याने हे नाव दिले. ग्रीक 'आउटोस', म्हणजे 'स्वतः', हा त्याचा धातू. पुढे लिओ कॅनर याने १९४३ मध्ये अकरा मुलांच्या वर्णनासाठी व हान्स आस्पेर्गर याने १९४४ मध्ये व्हिएन्नातील मुलांसाठी तेच नाव योजिले. त्यांच्याही आधी, १९२५-२६ च्या सुमारास, ग्रुन्या सुखारेवा या रशियन विदुषीने अशाच मुलांचे सूक्ष्म वर्णन केले होते. नाव टिकले, आशय पार पालटला. 'स्वमग्नता' हा शब्द व्युत्पत्तीशी इमान राखतो खरा. पण ज्या अर्थाशी तो इमान राखतो तो अर्थ शास्त्राने केव्हाच मागे टाकलेला आहे.

या शब्दाचा तोटा विशेषतः प्रौढांना सोसावा लागतो. तिशी-चाळिशीत ज्यांना आपण ऑटिस्टिक आहोत असे प्रथमच कळते, त्यांना गतायुष्याचे पुनर्वाचन करावे लागते, आणि या वाचनात सर्वांत आधी आठवते ती बालपणापासून सोबत करणारी एखाद्या विषयाची उत्कट ओढ. उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यातील एक काल्पनिक गृहस्थ घ्यावा. जलंबहून खामगावास जाणारा रेल्वेचा तेरा-चौदा किलोमीटरचा फाटा हा त्याचा जन्माचा विषय. कापसाच्या पेठेसाठी हा फाटा टाकला गेला, १८७० साली लॉर्ड मेयोने त्याचे उद्घाटन केले, मुख्य मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके कोणत्या क्रमाने येतात, कोणत्या साली कोणती गाडी किती वाजता सुटे, हे सर्व त्याला मुखोद्गत आहे. या माणसास 'स्वमग्न' म्हणणे म्हणजे भाषेने डोळे मिटून घेणे होय. तो मग्न आहे यात संशय नाही, परंतु 'स्व'मध्ये नव्हे. त्याचे चित्त स्वतःच्या बाहेर, लोखंडी रुळांवर जडले आहे. कित्येकदा तर अशा माणसास स्वतःच्या भुकेचे व थकव्याचेही भान उरत नाही. मग्नतेचा विषय 'स्व' असता तर असे घडते ना.

निदानाची भाषाही फारशी उदार नाही. अमेरिकन मनोविकारसंघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या ओढीची गणना सीमित व पुनरावृत्त वर्तनाच्या सदरात होते, आणि तिची तीव्रता किंवा रोख 'असामान्य' असणे ही तिची खूण ठरते. येथे रूपक रुंदीचे आहे. ज्याचे कुतूहल दहा विषयांवर पसरले तो सामान्य, ज्याचे एका विषयात उतरले तो सीमित. विहिरीस तिच्या व्यासावरून उथळ ठरविण्यासारखेच हे झाले. डायना मरे, माइक लेसर व वेंडी लॉसन यांनी २००५ साली मांडलेल्या 'मोनोट्रोपिझम'च्या, म्हणजे एकप्रवणतेच्या, उपपत्तीने हे रूपक बदलले. अवधान ही मोजकी शक्ती आहे. काहींच्या ठायी ती अनेक वाटांनी विभागते, काहींच्या ठायी एकाच वाटेने वेगाने वाहते. यामुळे ओढ व अडचण या दोहोंचे मूळ एकत्र दिसते. वाहत्या अवधानास मध्येच वळविले तर होणारा त्रास हा हट्ट नसतो, हेही त्यातून उलगडते. अर्थात ही उपपत्ती आहे, अंतिम सिद्धांत नव्हे.

आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनी चाळीस कलमांची असून तिची गुणसंख्या ४० ते २०० या मर्यादेत येते व ७० पासून पुढे ऑटिझम मानला जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ऑटिझमचा समावेश असल्याने या गुणांना व्यावहारिक मोल आहे. या कलमांत विलक्षण स्मरण व असाधारण क्षमता यांना जागा आहे. म्हणजे ओढ अद्भुत झाली तर मोजली जाते. पण ज्याला रुळांखेरीज अन्य कशात गोडी नाही आणि रुळांविषयीही ज्याची प्रज्ञा अलौकिक नाही, त्याचा साधा आनंद मापनीत मावत नाही. चमत्काराची ही अपेक्षा चित्रपटांनीही पोसली आहे. ज्यांची आवड कादंबऱ्या, जनावरे किंवा एखादा नट अशी चारचौघींसारखी असते, त्या स्त्रियांची ओढ कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यांचे निदान उशिरा होण्याचे हेही एक कारण असावे.

याउलट मराठीचा स्वतःचा शब्दसंग्रह या प्रांतात थक्क करणारा आहे. छंद, नाद, वेड, खूळ, पिसे, ध्यास, व्यासंग, व्यसन ही सारी एकाच मनोवृत्तीची नावे. भेद आहे तो बोलणाऱ्याच्या मताचा. प्राध्यापकाने शिलालेखांत आयुष्य वेचले तर तो व्यासंग, मोताळ्याच्या पोराने एस.टी.ची वेळापत्रके पाठ केली तर ते खूळ. 'व्यासंग' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मात्र केवळ चिकटून राहणे असा आहे. त्यास विद्वत्तेचा मुलामा नंतर चढला. 'व्यसना'ची गत उलटी झाली: 'विद्याव्यसन' हे भूषण, नुसते व्यसन हे दूषण. 'पिसे' हा शब्द भक्तिवाङ्मयात गौरवाचा आहे. वऱ्हाडीत 'वेड'चे 'येड' होते, आणि ते दरवेळी शिवीच असते असेही नाही.

व्याकरणाची साक्ष याहून बोलकी आहे. मराठीत माणूस छंद 'करीत' नाही, तो त्याला 'जडतो'. नाद 'लागतो', ध्यास 'लागतो'. कर्तृपदी ओढ असते आणि माणूस चतुर्थीत. केवळ व्यासंग तेवढा 'केला' जातो, आणि प्रतिष्ठाही त्यालाच आहे. ओढ निवडीने येत नाही ही गोष्ट निदानग्रंथांनी सांगण्यापूर्वीच भाषेने सांगून ठेवली आहे. पण त्याच भाषेत नाद 'सोडवितात' आणि वेड 'उतरवितात'. शिक्षकांनी व आप्तांनी जे केले, त्याचे क्रियापदही तीच पुरविते.

'विशेष रुची' हा अलीकडचा भाषांतरित प्रयोग यापुढे फिका वाटतो. रुची ही जिभेची, क्षणाची. ती बदलता येते. त्यापेक्षा 'वेध' हा शब्द विचारार्ह आहे. महानुभाव परिभाषेत वेध आणि बोध अशी जोडी आहे. ज्या चक्रधरांच्या मुक्कामांत याच जिल्ह्यातील लोणारचे नाव 'लीळाचरित्रा'त येते, त्यांच्या ठायी असलेली खेचून घेण्याची शक्ती म्हणजे वेध. व्यवहारात आपण ताऱ्यांचा वेध घेतो, सणाचे वेध लागतात. दोन्ही ठिकाणी चित्ताची दिशा बाहेर आहे, आणि 'लागणे' हे क्रियापदही अभंग आहे. धार्मिक छाया बाजूस ठेवून शब्द घेता येईल का, हा प्रश्न उरतोच. शिवाय कुठल्याही गौरवशब्दाने जेवण-झोप चुकविणाऱ्या ओढीचा त्रास झाकला जाऊ नये.

तपासणीच्या खोलीत मात्र संज्ञेपेक्षा प्रश्नाचे वाक्य महत्त्वाचे असते. 'तुम्हाला काही छंद आहेत का?' असे विचारले की जलंबच्या रुळांत गुंतलेला तो गृहस्थ 'नाही' म्हणेल, कारण छंद ही त्याच्या लेखी फावल्या वेळची गोष्ट आहे. 'नाद कशाचा?' म्हटले तर तो आरोप ऐकेल. 'तुमचा जीव कशात रमतो, आणि त्यातून उठवले तर काय होते?' असे विचारून पाहावे. आणि आई हयात असेल तर तिलाही, तिच्या बोलीत.