नायट्राइटविषयक संशोधन आणि विहिरीचे पाणी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव होय. वर काळी जमीन, खाली बेसॉल्ट खडक आणि त्या खडकाच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठणारे पाणी, अशी या परिसराची भूरचना आहे. पिकांना दिला जाणारा युरिया, गोठ्यातील शेणमूत्र आणि शोषखड्ड्यांतील सांडपाणी यांतील नत्र पावसाच्या पाण्याबरोबर याच उथळ साठ्यात उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा देशातील १५ जिल्ह्यांत यवतमाळचा आणि पैनगंगेपलीकडील नांदेडचाही समावेश आहे. महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५.७४ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले.

तथापि रक्ताला प्रत्यक्ष अपाय करणारा घटक नायट्रेट नसून त्यापासून निर्माण होणारे नायट्राइट हा आहे. विज्ञानाला ही गोष्ट दीर्घकाळ ज्ञात आहे. असे असूनही पाण्याची परीक्षा प्रामुख्याने नायट्रेटच्या आकड्यावर होते. ही विसंगती कशी निर्माण झाली, याचा शोध नायट्राइटविषयक संशोधनाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रसायनशास्त्रीय संशोधन :

भारतातील आधुनिक रसायन-संशोधनाच्या आरंभकाळात नायट्राइटला मानाचे स्थान होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात मर्क्युरस नायट्राइट तयार केले आणि पुढे अनेक वर्षे नायट्राइट संयुगांचा अभ्यास चालविला. तत्पूर्वी १८७९ मध्ये पीटर ग्रीस यांनी नायट्राइट ओळखण्याची रंगपरीक्षा मांडली होती. आम्लयुक्त द्रावणात नायट्राइटपासून डायॲझो संयुग बनते व त्यापासून गुलाबी-लाल रंग उत्पन्न होतो, हे तिचे तत्त्व होय. या परीक्षेच्या सुधारित पद्धती आजही वापरल्या जातात.

रसायनशास्त्राने अचूक मापनाचे साधन दिले, हे निर्विवाद आहे. परंतु नायट्राइट हा अस्थिर घटक आहे. बाटलीतील जीवाणू त्याचे रूपांतर करीत राहतात. म्हणून नमुना थंड ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर ४८ तासांत तपासावा, असा प्रयोगशाळांचा दंडक आहे. ढाणकीपासून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. उन्हाळ्यात बर्फाविना इतका प्रवास केलेल्या नमुन्यातील आकडा विहिरीचा मानावा की बाटलीचा, हा प्रश्न अनाठायी नाही. शिवाय काही ग्रंथांत प्रमाण नायट्रेटच्या रूपात (४५ मिलिग्रॅम), तर काहींत त्यातील नत्राच्या रूपात (सुमारे १० मिलिग्रॅम) दिलेले असते. एकक न पाहता आकड्यांची तुलना केल्यास चौपटीहून अधिक चूक होते.

जीवशास्त्रीय संशोधन :

१९४५ मध्ये हंटर कॉम्ली या अमेरिकन डॉक्टरांनी आयोवा राज्यातील अर्भकांच्या निळे पडण्याचा संबंध विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटशी जोडला. अर्भकाच्या जठरात आम्लता कमी असल्याने जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करून मेथेमोग्लोबिन बनविते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ते पूर्ववत करणारे विकर अर्भकात पुरेसे विकसित झालेले नसते. वॉल्टन यांच्या १९५१ च्या सर्वेक्षणात नत्राच्या रूपात १० मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट असलेल्या पाण्यामुळे असा रुग्ण आढळला नाही. अमेरिकेतील मर्यादेला याच निरीक्षणाचा आधार मिळाला.

या मांडणीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. त्या काळच्या बाधित विहिरी बहुधा जीवाणूंनीही दूषित होत्या. १९९९ मध्ये ॲव्हरी यांनी असे प्रतिपादन केले की, आतड्याच्या दाहामुळे शरीरातच निर्माण होणारे नायट्रिक ऑक्साइड हेही मेथेमोग्लोबिन वाढण्याचे कारण असू शकते. याउलट त्याच वर्षी गुप्ता व सहकाऱ्यांनी राजस्थानातील अभ्यास प्रसिद्ध केला. लिटरमागे २६ ते ४५९ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांच्या या पाहणीत अर्भकांखेरीज इतर वयोगटांतही मेथेमोग्लोबिन वाढलेले आढळले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. पाण्यातील नत्र आणि पाण्यातील जंतू यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे, हाच त्यांचा समान अर्थ आहे.

नायट्राइटची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. १९९४ मध्ये लाळेतील नायट्राइटपासून जठरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते असे दिसून आले. २००३ मध्ये रक्तवाहिन्या रुंदावण्यातील नायट्राइटचा वाटाही सिद्ध झाला. दुसरीकडे, शरीरात नायट्रोसो संयुगे बनतील अशा परिस्थितीत सेवन केलेले नायट्रेट व नायट्राइट बहुधा कर्करोगकारक आहेत, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. पालेभाजीतील क जीवनसत्त्व ही क्रिया रोखते, पाण्यात मात्र असे संरक्षण नसते. त्यामुळे भाजीतील नायट्रेटच्या उपकारकतेचा दाखला देऊन विहिरीच्या पाण्याला निर्दोष ठरविणे अशास्त्रीय होय.

पर्यावरणीय संशोधन :

विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले की, अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट ही दोन कामे दोन भिन्न जीवाणू करतात. सव्वाशे वर्षे टिकलेल्या या समजाला २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणाऱ्या जीवाणूच्या शोधाने मुरड पडली. पाण्यात प्राणवायू पुरेसा असेल तर नायट्राइट फार काळ टिकत नाही. म्हणूनच विहिरीत ते आढळणे हे सहसा ताज्या सांडपाण्याचे किंवा प्राणवायूच्या अभावाचे लक्षण असते. नायट्रेट हा मागील अनेक वर्षांचा हिशेब सांगतो, तर नायट्राइट आजचा धोका सांगते. जिल्हानिहाय टक्केवारीत हा भेद पूर्णतः लोपतो.

मानकांची चिकित्सा :

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या २०१२ च्या मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत शिथिलता नाही. नायट्राइटसाठी मात्र त्यात मर्यादाच दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटसाठी ५० व नायट्राइटसाठी ३ मिलिग्रॅम असे मार्गदर्शक प्रमाण दिले असून, दोहोंच्या गुणोत्तरांची बेरीज एकपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. एखाद्या विहिरीत नायट्रेट ४० व नायट्राइट १ मिलिग्रॅम असल्यास ही बेरीज ०.८० अधिक ०.३३, म्हणजे १.१३ होते. भारतीय मानकाच्या नायट्रेट मर्यादेत हे पाणी बसते, जागतिक निकषावर ते नापास ठरते. वरच्या दुधासाठी तेच पाणी वापरणाऱ्या मातेला या दोन उत्तरांपैकी कोणते मिळावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नायट्राइटचे ज्ञान तीन विद्याशाखांत विभागले गेले. रसायनशास्त्राने परीक्षा दिली, वैद्यकाने अपाय सांगितला, पर्यावरणशास्त्राने उगम दाखविला. मानकात मात्र या तिन्हींचा मेळ बसला नाही.

२. नायट्रेटबरोबर नायट्राइट व जंतुपरीक्षा एकाच नमुन्यावर व्हावी आणि निकाल जिल्ह्याचा न देता विहिरीचा, ऋतूच्या उल्लेखासह द्यावा.

३. ग्रीस यांची रंगपरीक्षा विहिरीच्या काठावर करता येण्याजोगी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यात ही परीक्षा समाविष्ट केल्यास प्रवासात नमुना बिघडण्याचा प्रश्नच उरत नाही.

४. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ही साधी गोष्ट अंगणवाडीपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

१८७९ पासून उपलब्ध असलेली परीक्षा गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचू नये, हे संशोधनाचे अपयश नसून त्याच्या उपयोजनाचे अपयश आहे. ढाणकीसारख्या गावातील विहिरीच्या काठावर ती परीक्षा होईल, तेव्हाच नायट्राइटविषयक संशोधनाचे वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणता येईल.